रविवारची सायकल फेरी

सायकल कोणाला माहीत नाही? तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून पहिली फेरी मारली असेल. गुडघेही फोडून घेतले असतील. पूर्वी सायकलीवरून दुधाच्या किटल्या जात, कडब्याच्या पेंढ्या जात, टपाल जाई. कॅरिअरवर बसून सासरी निघालेली नवी नवरीसुद्धा आम्ही पाहिली आहे. आता घरोघर मोटारसायकली आल्या. सायकल गोठ्यात गेली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

आमच्या गावात मात्र ती पुन्हा रस्त्यावर आली. कशी आली, आणि आल्यावर काय काय झाले, ते या पाठात सांगतो. एकट्याने सायकल चालविणे वेगळे आणि पंधरा-वीस जणांनी मिळून चालविणे वेगळे. पहिले सहा वर्षांच्या पोरालाही जमते. दुसरे शिकायला आम्हांला साठी गाठावी लागली.

आमचे गाव वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रोज चाला, नाहीतर सायकल चालवा." चालायचा आम्हांला कंटाळा. मग माळ्यावरची जुनी अॅटलास सायकल खाली काढली. टायर-ट्यूब नवे घातले, चेनला तेल दिले, आणि सकाळी एकटेच मेणवलीच्या रस्त्याला लागलो.

चार दिवसांनी शिंपीदादा म्हणाले, "गुरुजी, मी बी येऊ का? दिवसभर मशीनवर बसून कंबर धरली हाय." ते आले. मग वेल्डिंगच्या दुकानातला गडी आला. डेअरीचे सचिव आले. कॉलेजची चार पोरे गिअरच्या सायकली घेऊन आली. त्यातली एक सायकल चाळीस हजारांची! आमच्या काळात तेवढ्यात बैलजोडी आली असती. असो. सहा महिन्यांत पंधरा माणसे झाली. रविवारी पहाटे साडेपाचला पिंपळाच्या पारावर जमायचे आणि उन्हे तापायच्या आत घरी यायचे, असा रिवाज पडला. लोक आम्हांला सायकल मंडळ म्हणू लागले.

आता पुष्कळ सायकली मिळून कशा चालवितात ते पाहा.

रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक जायचे. दोघा-तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारीत चालायचे नाही. ऊस कारखान्याच्या ट्रॉल्या आपल्या गप्पांसाठी थांबत नाहीत. दोन सायकलींत निदान एका सायकलीचे अंतर ठेवायचे. फार जवळ गेले आणि पुढच्याने ब्रेक दाबला, की मागचा त्याच्यावर आदळतो, आणि मग सगळी रांग पत्त्यांसारखी कोसळते.

पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्याने ओरडून सांगायचे, "खड्डा!" दुसऱ्याने तेच तिसऱ्याला सांगायचे. पंगतीत 'भात, भात' अशी हाक जशी पुढे जाते, तशी ही हाक मागे जाते. मागून मोटार आली, तर शेवटचा ओरडतो, "गाडी!" आणि ती हाक पुढे येते. वळायचे असेल तर आधी हात दाखवायचा. थांबायचे असेल तर आधी ओरडायचे आणि मगच ब्रेक दाबायचा.

वाऱ्याचीही एक गंमत आहे. समोरून वारा असला की पुढचा माणूस तो छातीवर घेतो. त्याच्या मागच्याला वारा कमी लागतो आणि पायंडल हलके जाते. आकाशात पाखरांच्या रांगा जाताना तुम्ही पाहिल्या असतील. पुढचे पाखरू दमले की मागे येते आणि दुसरे पुढे होते. आम्हीही तसेच करतो. पाच-दहा मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे येतो. वेल्डर गडी अंगाने आडवा आहे. त्याच्या मागे जागा मिळावी म्हणून पहिल्या दिवसापासून चढाओढ आहे.

बरोबर काय न्यायचे? पाणी, गूळ-शेंगदाणे, दोन केळी. हवा भरायचा पंप, पाना, जास्तीची ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन, काचकागद. हे सामान सगळ्यांनी आणायला नको. एकाजवळ असले तरी पुरते. मात्र तो एक कुठे असावा, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पोरे म्हणाली, "गुरुजी, आता पाचगणी करू या." वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, आणि मध्ये पसरणीचा घाट. सारी वाट चढाची आणि वळणांची. खाली वाई आणि कृष्णा दिसत राहते. आम्ही चौदा जण निघालो.

घाट लागला आणि रांग मोडली. गिअरची पोरे सरसर पुढे गेली. खरे सांगायचे तर आम्हीही त्यांच्या मागे लागलो. साठीचा माणूस पोरांच्या बरोबरीने चढतो, हे लोकांनी पाहावे असे आम्हांला वाटत होते. मागे वळून काही आम्ही पाहिले नाही. वर पोचलो, तेव्हा ऊर धपापत होता आणि आनंद मावत नव्हता. हॉटेलात बसलो. कांदाभजी मागविली, चौदा चहा सांगितले. फोटो काढले. कोण कुठे उतरला, कोणी सायकल हातात धरून चालविली, यावर हसणे चालले.

चहा आला. प्रत्येकाने कप उचलला. एक कप टेबलावर तसाच राहिला.

पोऱ्या म्हणाला, "एक चहा जास्त झाला वाटतं."

जास्त झाला नव्हता. शिंपीदादा आले नव्हते.

कोणी म्हणाले, येतील मागून. कोणी म्हणाले, पसरणीत त्यांचे पाहुणे आहेत, तिकडे वळले असतील. अर्धा तास गेला. फोन लावला तर लागेना. मग दोन पोरे उतारावरून खाली गेली. घाटात त्यांना कोणीच दिसले नाही.

झाले होते असे. तिसऱ्या-चौथ्या वळणावर दादांची चेन तुटली. त्यांनी हाका मारल्या, पण त्यांच्या मागे कोणी नव्हते आणि पुढचे ऐकू येण्याच्या पलीकडे गेले होते. पाने आणि पंप होते सर्वांत पुढच्या पोराच्या पिशवीत. फोनला रेंज नव्हती. कोणीतरी मागे येईल म्हणून दादा कठड्यावर बसून राहिले. आम्ही वर भजी खात होतो, तेव्हा ते तिथे बसले होते. शेवटी सायकल हातात धरून ते पायी खाली उतरले, वाईतून टेम्पोत सायकल टाकली आणि घरी आले.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात गेलो. दादा मशीनवर बसले होते. चिडले नाहीत. वहिनींना चहा टाकायला सांगितला. मग दोरा ओवता ओवता म्हणाले, "गुरुजी, चेन तुटली त्याचं काय न्हाई. मला वाटलं व्हतं, मी तुमच्यात हाय."

आम्ही चाळीस वर्षे पोरे मोजली. सहलीला नेली, तर बसमध्ये चढताना मोजली, उतरताना मोजली. एकही पोर कधी हरवले नाही. आणि चौदा मोठी माणसे आम्हांला मोजता आली नाहीत. दादांपुढे बोलायला तोंड राहिले नाही. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतर पारावर बैठक झाली आणि भांडणही झाले. पोरे म्हणाली, "आम्ही हळू किती चालवायचं? मग व्यायाम कसला?" त्यांचेही खरे होते. सचिव म्हणाले, "मग तुमची शर्यत तुम्ही लावा, आम्ही घरी बसतो." दोन रविवार कोणीच निघाले नाही. मंडळ तिथेच मोडायचे.

शेवटी वेल्डर गड्याने तोड काढली. तो म्हणाला, "सगळ्यात ताकदीचा गडी मागं ठेवा." ऐकायला उलटे वाटते, पण विचार करा. हळू चालणारा शेवटी राहिला, तर तो आणखी मागे पडतो, वारा एकटाच खातो आणि मनाने खचतो. तोच दुसऱ्या जागेवर, पुढच्याच्या आडोशाला ठेवला, तर त्याच्या चालीने सगळी रांग चालते. आणि सर्वांत मागे दमदार गडी असला, म्हणजे काही मोडले तर तो थांबतो, दुरुस्त करतो, आणि पुन्हा गाठही घालतो. पंप-पाने त्याच्याच पिशवीत. घाट आला, तर पोरांनी खुशाल पुढे पळावे, पण प्रत्येक मोठ्या वळणावर थांबून मागच्यांची वाट पाहावी. नाहीतर परत खाली येऊन पुन्हा चढावे. तेवढाच व्यायाम जास्त! हे पोरांना पटले.

नियम झाला, पण दादा नव्हते. ते कसे परत आले, ती निराळीच गोष्ट आहे.

अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना दोन वस्त्यांवर जावे लागे. मोटारसायकलवर कोणी बसविले तर बसायचे, नाहीतर पायपीट. त्या एक दिवस म्हणाल्या, "गुरुजी, बायांना सायकल येते का हो?" आम्ही त्यांना पुदुकोट्टईची हकिगत सांगितली.

पुदुकोट्टई हा तमिळनाडूतला जिल्हा. 1991 च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया लिहा-वाचायला शिकू लागल्या. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची, असे ठरविले. बायांना सायकली घ्यायला बँकांनी कर्जे दिली. पहिल्यांदा लोक हसले, वाईटसाईट बोलले. पण बघता बघता हजारो बाया सायकलीवर बसल्या. पाणी आणू लागल्या, माल बाजारात नेऊ लागल्या, पोरांना शाळेत सोडू लागल्या. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. त्या बायकांच्या सायकली होत्या पुष्कळदा पुरुषी, उंच दांडीच्या. कित्येकींना त्याच आवडत. दांडीवर पोराला बसविता येते ना!

ताईंनी ऐकले आणि म्हणाल्या, "मग मला बी शिकवा." संध्याकाळी शाळेचे मैदान रिकामे असते. पण सायकल हवी बिनदांडीची, बुटकी. तशी होती दादांच्या मुलीची. ताई स्वतःच मागायला गेल्या. दादा सायकल घेऊन मैदानावर आले. ताईंचा तोल जाईना का येईना, तोवर दादा सीट धरून मागे पळत राहिले. पळता पळता ओरडत होते, "खाली बघू नका, लांब बघा!" आम्ही दुसऱ्या बाजूने पळत होतो. दम लागून दोघेही मैदानात बसलो. दादांनी आमच्याकडे पाहिले आणि हसले. पुढच्या रविवारी पहाटे ते पारावर हजर होते. पाचगणीविषयी ते बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही. पण दुसरी जागा त्यांची झाली.

आता ताई येतात, त्यांच्या जावा येतात, एक आशाताई येतात. साडी नेसून चालविताना पदर खोचून घ्यावा आणि चेनच्या बाजूला जाळी बसवून घ्यावी. जाळी वेल्डर गडी फुकट बसवून देतो.

फेरी संपली की चहा. पायंडल मारणे तासा-दोन तासांचे, पण माणसे येतात ती पुष्कळदा चहासाठी. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोणाच्या पोरीला स्थळ आले, डेअरीचा दर काय झाला, सारे तिथेच कळते. मेणवलीला गेलो, तर नाना फडणवीसांच्या घाटावर बसतो. तिथे मोठी घंटा टांगलेली आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चची ती घंटा असे सांगतात. घंटा वसईहून इतक्या लांब कशी आणली असेल, यावर आमच्यात दर वेळी वाद होतो. वेल्डर गड्याचे मत निराळे, सचिवांचे निराळे.

गावात मात्र बसायला जागा नव्हती. हॉटेलवाला कंटाळला. वीस माणसे एकेक चहा घेऊन तासभर बाकडी अडवितात, त्याचाही धंदा आहे. कोणी म्हणाले, आपण एखादी ओसरी मागू. दुसरे म्हणाले, "सायकली चालवणाऱ्यांना ओसरी कशाला? उद्या म्हणाल पंखा लावा!" तेव्हा आम्ही पारावर नेल्सनच्या चहाघराची गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर नावाचा मुलूख आहे. तिथे नेल्सन हे विणकरांचे गाव. याच मुलखातल्या गिरण्यांचे कापड पूर्वी आपल्या देशात विकायला येई. आपण त्यावर बहिष्कार घातला. 1931 साली गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा या मुलखात जाऊन गिरणी कामगारांना भेटलेही होते. तिथली माणसेही गरीबच. आठवडाभर यंत्रांचा खडखडाट आणि धूर, सुटी एकच, रविवारची.

आधी विलायतेत सायकल ही श्रीमंतांची चैन होती. पुढचे चाक माणसाएवढे उंच, पडला की डोके फुटायचे. 1885 साली कोव्हेंट्री गावच्या जॉन स्टार्ले यांनी दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल बाजारात आणली. आपल्या सायकलीची ती आजीच. 1888 साली डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. पुढे किमती उतरल्या, जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्या, आणि कामगारही सायकलीवर बसला.

1894 साली बर्मिंगहॅम शहरात थोड्या तरुणांनी एक सायकल मंडळ काढले. 'क्लॅरियन' नावाचे मजुरांचे एक वर्तमानपत्र होते. त्याचेच नाव मंडळाला दिले. क्लॅरियन म्हणजे तुतारी. पाहता पाहता गावोगाव अशी मंडळे झाली. रविवारी रांगेने खेड्यांत जायचे, वर्तमानपत्र वाटायचे, मजुरांच्या हक्काविषयी बोलायचे, मग चहा आणि गाणी. बायकाही सभासद होत्या. वाटेत अनोळखी सायकलवाला आपल्याच मंडळाचा दिसला, की हा ओरडायचा, "बूट!" आणि तो उत्तर द्यायचा, "स्पर!" स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेचा काटा. आपला रामराम तसा त्यांचा तो. मंडळात भांडणेही होती. काही म्हणत, आधी प्रचार. काही म्हणत, आधी सायकल. आमच्या पारावर हे ऐकून सगळे हसले.

नेल्सनच्या लोकांना वाटले, रविवारी डोंगरात गेल्यावर टेकायला आपली जागा हवी. मजुरांच्या पक्षाच्या तिथल्या सभासदांनी 1912 साली गावाबाहेर, पेंडल डोंगराच्या बाजूला एक साधे घर बांधले. क्लॅरियन हाउस त्याचे नाव. आत लांब टेबले आणि बाकडी. आजही ते घर रविवारी उघडते. गावचीच माणसे पगार न घेता पाळीपाळीने चहा करतात. चालत येणारे, सायकलीवर येणारे, सारे एका बाकावर बसतात. चहाचा पेला अर्ध्या लिटरहून मोठा! शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालले आहे. गिरण्या बंद झाल्या, पण चहा चालू आहे.

"अर्धा लिटर!" सचिव म्हणाले. "दुधाचा हिशेब कोण ठेवतं त्यांचा?"

पण त्याच आठवड्यात त्यांनी डेअरीच्या जुन्या खोलीची ओसरी आम्हांला मिळवून दिली. अट एकच, झाडलोट आपण करायची. वेल्डर गड्याने जुन्या पाइपांची दोन बाकडी केली. चहासाठी महिन्याला माणशी वीस रुपये वर्गणी. पंखा अजून नाही.

वर्गणी आली तशी वही आली. वही ताईंकडे आहे. त्या दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या. अक्षर मोठे आहे, ओळ थोडी वर चढते, पण आकडे स्वच्छ. प्रत्येक रविवारी त्या तीन गोष्टी लिहितात: निघाले किती, आले किती, चहा किती. निघताना पारावर उभ्या राहून मोठ्याने मोजतात. आम्ही मुख्याध्यापक होतो, पण आमची मोजणी त्या धरीत नाहीत.

मागच्या रविवारी धोमला गेलो होतो. परत आल्यावर ताई ओसरीवर वही घेऊन बसल्या. बराच वेळ त्या काही लिहीत ना. मग हाक मारली, "गुरुजी, इकडं या जरा."

वहीत लिहिले होते: निघाले 17. आले 18.

पुन्हा मोजले. अठराच भरले. धोमच्या देवळापाशी एक दहा-बारा वर्षांचा पोरगा भावाची सायकल घेऊन उभा होता, तो रांगेत घुसून आमच्या मागोमाग आला होता. शेवटच्या गड्याला वाटले, कोणाचा तरी नातू असेल. पोरगा बाकावर बसून पाय हलवीत होता. सचिवांनी त्याच्याकडून नंबर घेऊन त्याच्या बापाला फोन लावला. ताईंनी पेन्सिल उचलून तिसरी ओळ लिहिली: चहा 17, दूध 1.